गरम झाली की बंद, गार झाली की चालू: माझ्या स्पिटफायरची कटकट आणि ती कशी सुटली

आधी लक्षण सांगते, म्हणजे ज्यांची गाडी सेम करते त्यांनीच पुढे वाचावं. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये चालू. वीस-पंचवीस मिनिटं एकदम मस्त. मग कुठेतरी सिग्नलला उभी राहिली की बंद पडते. सेल्फ जोरात फिरतो, बॅटरी फुल, टाकीत पेट्रोल आहे, पण इंजिन पकडतच नाही. मग अर्धा-पाऊण तास बॉनेट उघडून उभं राहायचं, येणाऱ्याजाणाऱ्यांचे सल्ले ऐकायचे, आणि मग एकदम अशी स्टार्ट होते की जसं काही झालंच नव्हतं. घरी येईपर्यंत ठीक. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

गाडी म्हणजे ट्रायम्फ स्पिटफायर मार्क थ्री, जुनी ब्रिटिश टू-सीटर स्पोर्ट्स कार, १२९६ सीसी, दोन एसयू कंपनीचे कार्बोरेटर. आणि हो, ही माझी पहिली गाडी आहे. लायसन्स ड्रायव्हिंग स्कूलच्या डबल ब्रेकवाल्या छोट्या गाडीवर काढलं आणि त्यानंतर डायरेक्ट ही. दादरच्या पारसी कॉलनीत एका आजोबांच्या गॅरेजात वीसेक वर्षं कव्हरखाली झोपली होती. मी घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, या पैशात नवी स्विफ्ट आली असती, आणि ती चालली पण असती. दुसरं वाक्य जास्त लागलं कारण ते पुढचं दीड वर्ष खरं ठरलं.

बाबांनी गाडी पहिल्यांदा बघितली तेव्हा अजून एक गोष्ट बोलले, अरे ही तर हेराल्डची बहीण! आणि ते बरोबरच होतं. मद्रासला बनायची ती स्टँडर्ड हेराल्ड आणि ही स्पिटफायर, दोन्ही मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरच्या हातच्या, स्पिटफायरची चेसी हेराल्डचीच आखूड केलेली, पुढचं सस्पेन्शन आणि स्टिअरिंग रॅक पण त्याच घरातलं. आपल्याकडच्या हेराल्डला ९४८ सीसीचं इंजिन होतं पण खानदान एकच. हे मुद्दाम सांगतेय कारण पार्ट शोधताना दुकानात जाऊन 'स्पिटफायर' म्हणालात तर समोरचा मान हलवतो, 'हेराल्ड' म्हणालात तर निदान वरच्या माळ्यावर बघून येतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मला हेराल्डचे पुढचे काही पार्ट असेच मिळाले. ऑपेरा हाउसला पण एक-दोन जुनी माणसं आहेत ज्यांना नंबर तोंडपाठ आहेत.

मुद्द्यावर येते. गाडी रंगवून आणि इंजिन उघडून-लावून एका गॅरेजातून बाहेर आली (नाव घेत नाही, त्यांनी रंग चांगला मारला होता एवढं मान्य करते) आणि दुसऱ्याच रविवारी सायनला बंद. तिथून पुढे प्रत्येक मेकॅनिकने काहीतरी एक बदललं. प्लग बदलले. कार्बोरेटर उघडून धुतले. बॅटरी बदलली, जिचा काही संबंध नव्हता. रेडिएटर फ्लश केला. प्रत्येक वेळी गाडी आठ दिवस बरी वाटायची, कारण मी घाबरून लांब नेतच नव्हते, आणि मग पुन्हा. खरी अडचण अशी की मेकॅनिक येईपर्यंत गाडी गार व्हायची आणि तो आला की शहाण्या मुलीसारखी पहिल्या सेल्फला चालू. मग तो माझ्याकडे असा बघायचा की मॅडमना चोक वापरता येत नाही.

मुलुंडला आमच्या मागच्या गल्लीत एक मिस्त्रीकाका आहेत, आयुष्यभर काळी-पिवळी फियाट टॅक्सी दुरुस्त केल्या. प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी ताडदेव आरटीओला ऑक्टोबर २००३ मध्ये रजिस्टर झाली होती, २० वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या, तेव्हापासून काका म्हणजे अर्धे रिटायर. त्यांनी गाडीला हात पण लावला नाही. म्हणाले, पोरी, गाडी बंद पडते तेव्हा मी तिथे नसतो, तू असतेस. तूच बघ करंट जातोय का पेट्रोल जातंय. बाकी सगळं नंतर. आणि एक वही ठेव.

वही ठेवली. तारीख, चालू करून किती मिनिटं झाली, टेम्परेचरचा काटा कुठे होता, जागा, टाकीत किती पेट्रोल आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बंद कशी पडली. बारा वेळा बंद पडल्यावर (हो, बारा) वही वाचली तर लक्षात आलं की गाडी दोन वेगवेगळ्या प्रकारे बंद पडतेय. सात नोंदींपुढे मी लिहिलं होतं 'खटकन', म्हणजे चावी फिरवून कुणी बंद करावी तशी, एका सेकंदात. चार ठिकाणी लिहिलं होतं 'रडत', म्हणजे आधी आयडल डळमळला, झटके दिले, ॲक्सिलरेटर दाबला की भुस्स, आणि मग मेली. आणि एक नोंद 'रडत'सारखी असूनही गरमीच्या हिशोबात बसत नव्हती, तिच्याकडे नंतर येते. आम्ही सगळे वर्षभर एक रोग शोधत होतो आणि ते तीन होते, फक्त चेहरा एकच, गरम झाली की बंद. एक काढला की आठवड्याने दुसरा वर यायचा आणि आम्ही म्हणायचो पहिलाच परत आला.

मोठा नियम नाही हा, पण बहुतेक वेळा खटकन गेली तर करंट आणि रडत गेली तर पेट्रोल. माझ्या बाबतीत तरी अगदी तसंच निघालं.

बंद पडल्या पडल्या काय बघायचं ते सांगते, कारण सगळा खेळ पहिल्या तीन-चार मिनिटांचा आहे, नंतर गार झाली की पुरावा गेला. डिकीत एक पिशवी ठेवते: जुना प्लग, इन्सुलेशनवाली पक्कड, एक छोटी बाटली, हातमोजे, सुती फडकं, पाण्याची बाटली, मल्टीमीटर आणि छोटा फायर एक्स्टिंग्विशर. शेवटचा नसेल तर पुढचं काही करूच नका प्लीज, गरम इंजिन, उघडं पेट्रोल आणि ठिणगी तिन्ही एका जागी असतात.

करंट बघायला डेलकोच्या (म्हणजे डिस्ट्रिब्युटर, प्रत्येक प्लगला करंट वाटणारा डबा) कॅपमधून मधली वायर, म्हणजे कॉइलकडून (बॅटरीचा करंट ठिणगीइतका वाढवते ती) येणारी, काढायची, जुना प्लग तिला लावायचा, प्लगची बॉडी इंजिनच्या उघड्या लोखंडाला नीट टेकवायची, कार्बोरेटरपासून लांब, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगायचं. ठिणगी निळी, जाड, चटचट आवाज करणारी असली तर करंट ठीक. पिवळी, बारीक, मधेमधे गायब, तर तुमचा चोर इथे आहे. स्पिटफायरचं सगळं पुढचं तोंडच, मडगार्डसकट, पुढे उलटतं, त्यामुळे इंजिनच्या बाजूला चक्क टायरवर बसून काम करता येतं. तोटा एवढाच की तोंड उघडलं की एलबीएस रोडवर सर्कस आल्यासारखी गर्दी जमते. भांडुपला एकदा एका काकांनी माझ्याकडून पंधरा मिनिटं गाडीचा इतिहास ऐकून घेतला आणि मग विचारलं, ॲव्हरेज किती देते.

तर माझ्या 'खटकन'वाल्या वेळी ठिणगी पिवळी होती. दोनदा बघितलं, दोन्हीदा पिवळी. कॉइलला हात लावला तर हात ठेववेना. कॉइल थोडी गरम होतेच, पण इतकी नाही. घरी येऊन कॉइलच्या दोन्ही छोट्या टोकांच्या वायरी काढून मल्टीमीटर लावला तर रीडिंग १.५ ओहमच्या आसपास. इथे सगळा घोळ होता. या गाडीला साधी १२ व्होल्टची कॉइल लागते, प्रायमरी ३ ओहमच्या जवळपास. १.५ ओहमची कॉइल ही बॅलास्ट रेझिस्टर असलेल्या गाड्यांची असते, तिथे मध्ये रेझिस्टर असल्यामुळे तिला कमी व्होल्टेज मिळतं. माझ्या गाडीत रेझिस्टर नाहीच, म्हणजे पॉइंट (डेलकोतला करंट जोडणारा-तोडणारा स्विच) बंद असताना ४ ॲम्पियरऐवजी ८ ॲम्पियर ओढत होती. दिसायला दोन्ही कॉइल जुळ्या बहिणी, गॅरेजवाल्याने शेल्फवर होती ती नवी चकचकीत लावली. स्टार्टला ठिणगी झकास, म्हणून सगळे खूश, आणि अर्ध्या तासात कॉइल आतून शिजली की खटकन बंद. तेवढाच जादा करंट काँटॅक पॉइंटमधून पण जातो म्हणून माझे पॉइंट दर महिन्याला जळायचे, ते पण मी पॉइंटची क्वालिटी खराब म्हणून सोडून देत होते.

३ ओहमची कॉइल टाकली. सोबत पॉइंट नवे, गॅप १५ थाऊ (इंचाचा हजारावा भाग), प्लग २५ थाऊ, आणि नवा कन्डेन्सर. इथे दुसरा धडा. तो नवा कन्डेन्सर दोनशे किलोमीटर पण टिकला नाही. पुन्हा खटकन, कॉइल आता गार, पण डेलकोचं झाकण काढून सेल्फ मारला तर पॉइंटवरच भरपूर चकचक ठिणग्या, म्हणजे जी ताकद प्लगला जायला हवी ती पॉइंटवर जळतेय. कन्डेन्सरचं काम तेच की पॉइंट उघडताना तिथे ठिणगी होऊ न देणं. आजकाल बाजारात जे नवीन कन्डेन्सर आणि रोटर मिळतात त्यातले बरेच नुसते दिसायला पार्ट असतात. रोटर, म्हणजे डेलकोत फिरणारा तुकडा, घेताना वरची पितळी पट्टी रिव्हेटने ठोकलेली असेल तर शक्यतो टाळा, तो रिव्हेट कधीकधी खालच्या शाफ्टच्या इतका जवळ येतो की करंट तिथूनच पळतो. मला काकांनी त्यांच्या डब्यातून एक जुना, न वापरलेला कन्डेन्सर दिला, टॅक्सीच्या काळातला, कंस वाकवून बसवला. तो अजून चालतोय. जुना काढलेला, चालणारा कन्डेन्सर फेकू नका कधी, गाडीत ठेवा.

एवढं झाल्यावर वहीत 'खटकन' शब्द परत आला नाही. मी पेढे वाटायच्या बेतात होते. मग आला एप्रिल, आणि कांजूरमार्गला गाडी रडत रडत गेली.

आता पेट्रोल. पेट्रोल बघायची पद्धत अशी की एसी पंपाची (म्हणजे इंजिनवरचा मेकॅनिकल फ्युएल पंप, आपल्याकडचे मिस्त्री त्याला एसी पंपच म्हणतात, एअर कंडिशनचा काही संबंध नाही) बाहेर जाणारी नळी काढून बाटलीत सोडायची, कॉइलची वायर काढून ठेवायची म्हणजे ठिणगीच नको, आणि सेल्फ मारायचा. प्रत्येक फेरीला पेट्रोल पिचकारीसारखं यायला हवं. माझ्याकडे काय आलं, फेस. सोडा वॉटरसारखे बुडबुडे आणि मधेच नुसती हवा. एक इशारा, पारदर्शक फिल्टर बसवलाय म्हणून त्यात बघून निदान करू नका, तो चालू गाडीत पण अर्धा रिकामाच दिसतो बऱ्याचदा, मी त्याच्यामुळे दोन महिने वाया घालवले.

टॅक्सीवाले हे बघितलं की काय करायचे ते ज्यांनी नव्वदच्या दशकात मुंबईत उन्हाळे काढले त्यांना आठवेल, ओलं फडकं पंपावर. मी पण तेच केलं, ओलं फडकं पंपावर आणि पंपापासून पुढे जाणाऱ्या धातूच्या नळीवर. दोन मिनिटांत गाडी चालू, जिथे एरवी चाळीस मिनिटं लागायची. माझ्यासाठी हा नुसता जुगाड नव्हता, ती टेस्ट होती. फडक्याने चालू झाली म्हणजे नळीत पेट्रोलची वाफ होऊन पंपाने हवा धरली होती हे पक्कं. फक्त पाणी सरळ ओतू नका, गरम मॅनिफोल्डवर गार पाणी पडलं तर ओतीव लोखंड तडकू शकतं.

वाफ का होते हे समजायला इंजिन बघावं लागेल. या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत, कार्बोरेटर वर, भट्टी खाली. पंप आहे दुसऱ्या बाजूला. म्हणजे पेट्रोलची नळी पंपातून निघून इंजिनच्या पुढून, थर्मोस्टॅटच्या घराला जवळजवळ चिकटून, पलीकडे कार्बोरेटरला जाते. गाडी पळत असेल तोपर्यंत वारा लागतो आणि पेट्रोल पण भराभर सरकतं, गरम व्हायला वेळच मिळत नाही. ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की पेट्रोल नळीत बसून राहतं आणि बाजूला ८० डिग्रीचं पाणी फिरतंय. पेट्रोलमधले हलके घटक तर ४० डिग्रीच्या आसपासच उकळायला लागतात. इंग्लंडात हे चालून जातं, कुर्ला सिग्नलला एप्रिलमध्ये नाही.

त्यात आता पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. त्यावर भांडणं खूप होतात, मी माझ्यापुरतं जे बघितलं ते सांगते. इथेनॉल मिसळलं की पेट्रोलचा वाफ होण्याकडे कल साध्या पेट्रोलपेक्षा थोडा वाढतो. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा फुगतो, मऊ पडतो, माझ्या पंपाचा पडदा काढला तर जुन्या चपलेच्या पट्ट्यासारखा लिबलिबीत. आणि तिसरं म्हणजे इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच सेटिंगवर मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) जळतं, माझे प्लग पांढरे फटक निघत होते. एसयूवर हे सोपं आहे, खालची षटकोनी जेटची नट खाली फिरवली की पेट्रोल वाढतं, मला दोन्हीकडे दोन-दोन पैलू खाली घ्यावी लागली. बघायचं कसं, गरम इंजिन आयडलवर ठेवून कार्बोरेटरचा पिस्टन बाजूच्या पिनने अगदी किंचित, एखाद मिलिमीटर उचलायचा. आवाज चढून तसाच चढलेला राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन लगेच मरायला लागलं तर कमी, क्षणभर चढून परत जागेवर आला तर बरोबर. दोन्ही कार्बोरेटर वेगवेगळे बघा. आणि वरच्या डॅशपॉटमध्ये (पिस्टनच्या वरची नळी) ऑइल आहे का तेही, माझ्या एकात थेंब नव्हता.

दुरुस्ती काय काय केली. आधी नळ्या, सगळ्या रबरी नळ्या काढून इथेनॉल चालणाऱ्या घेतल्या, नळीवर आर-नाइन छापलेलं असतं ते बघून घ्या, नागदेवी स्ट्रीटला मीटरवर मिळते, 'पेट्रोल पाइप' म्हणून जी स्वस्तातली काळी देतात ती सहा महिन्यांत तडकते. पंपाचा पडदा आणि व्हॉल्व्ह बदलले. पुढची धातूची नळी थर्मोस्टॅटपासून दोन-अडीच इंच लांब घेतली, क्लिप लावून, आणि वर उष्णतारोधक स्लीव्ह.

मग कार्बोरेटर काढल्यावर कळलं की कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये जो जाड बेकलाइटसारखा इन्सुलेटर ब्लॉक असतो तो दोन्हीकडे नाहीच! रंगवताना काढले आणि लावताना नुसती कागदी पॅकिंग लावली. म्हणजे भट्टीवर तवा डायरेक्ट. ब्लॉक मागवले, पण ब्लॉक लावले की जुने स्टड आखूड पडतात, ते पण आधी मोजा, माझी एक पूर्ण शनिवार-रविवारची वाट त्यात लागली. कार्बोरेटरखाली ॲल्युमिनियमच्या पत्र्याची शील्ड एका पत्रेवाल्याकडून वाकवून घेतली. पहिली शील्ड थ्रॉटलच्या लिंकला घासत होती आणि ॲक्सिलरेटर अडकला, नशीब गल्लीतच. शील्ड बसवल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल दहा वेळा दाबून बघा, सोडल्यावर प्रत्येक वेळी पूर्ण परत येतं का.

आणि सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पडलेली गोष्ट, पुठ्ठा. स्पिटफायरच्या रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना कंपनीने पुठ्ठ्याच्या पट्ट्या दिलेल्या असतात, समोरून आलेली हवा रेडिएटरमधूनच जावी, बाजूने पळू नये म्हणून. पुठ्ठा म्हटल्यावर प्रत्येक गॅरेजात तो कचऱ्यात जातो. माझ्या गाडीत नव्हताच आणि मला माहीत पण नव्हतं की तिथे काही असतं. आधी बाबांच्या ऑफिसच्या जुन्या फाइलींचे पुठ्ठे कापून लावून बघितले, बाबा बघत होते, काही बोलले नाहीत. काटा चक्क खाली राहिला. मग पुढच्या आठवड्यात ॲल्युमिनियमचे कायमचे केले. मला इलेक्ट्रिक फॅन लावायचा होता, काका म्हणाले आधी जे होतं ते जागेवर लाव, मग नवीन आण. फॅन अजून घेतला नाही, गरज पडली नाही.

एक सल्ला सगळे देतात, इलेक्ट्रिक फ्युएल पंप टाक, विषय संपला. संपेल, पण कुठला पंप ते बघा. एसयूच्या फ्लोटच्या निडलला (आत येणारं पेट्रोल अडवणारी सुई) अडीच-तीन पीएसआयच्या वर प्रेशर सोसत नाही. एकाने मला भंगारातला एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या) गाडीचा पंप देऊ केला होता, तो चाळीसच्या वर प्रेशर देतो. निडल उचलून पेट्रोल ओव्हरफ्लोमधून बाहेर, आणि खाली काय आहे, एक्झॉस्ट. नको.

आता ती एक नोंद जी कशातच बसत नव्हती. ईस्टर्न फ्रीवे, सकाळी सात, रस्ता मोकळा, काटा मध्यावर, वेग साठ, आणि गाडी रडत रडत बाजूला. ट्रॅफिक नाही, गरमी नाही. इन्सुलेटर, शील्ड सगळं झाल्यावर पण हे एकदा परत झालं, तेव्हा वही उघडली आणि दोन्ही नोंदींत एक गोष्ट सारखी: त्याच सकाळी टाकी फुल केली होती. दुसऱ्या वेळी मी सहज टाकीचं झाकण उघडलं तर स्सस्स आवाज करून हवा आत गेली. झाकण लावून सेल्फ मारला, चालू.

टाकीतून पेट्रोल जेवढं जातं तेवढी हवा आत यायला हवी. ती यायचा मार्ग बंद असेल तर टाकीत ओढ तयार होते आणि बिचारा पंप तिच्याशी झगडतो. टाकी अर्धी असेल तर वर हवा भरपूर, ती थोडी पसरते आणि तुम्हाला कळत पण नाही. टाकी गळ्यापर्यंत फुल असेल तर वर हवा जेमतेम, थोडंसं पेट्रोल गेलं की लगेच ओढ बसते. म्हणून फुल टाकीवरच बंद. माझ्या गाडीला कुणीतरी श्वासाचं भोक नसलेलं झाकण बसवलं होतं, आणि दुसरा रस्ता म्हणजे टाकीची व्हेंटची बारीक नळी, तिच्या तोंडात रंगवताना मास्किंग टेपचा बोळा घातला होता तो तसाच. टेपचा बोळा! एवढ्याशा बोळ्याने मला फ्रीवेवर दोनदा उभं केलं. तुमची गाडी रंगवून आली असेल तर सगळी भोकं एकदा मोजून घ्या.

टेस्ट सोपी आहे, बंद पडली की इतर काही करायच्या आधी झाकण उघडून कान द्या. फुकट आहे आणि पाच सेकंद लागतात, मी हे सगळ्यात शेवटी केलं.

पावसाळ्याचं पण सांगून ठेवते कारण त्याने हेच लक्षण पुन्हा उलटू शकतं. इथेनॉल पाणी ओढतं, मुंबईची जूनची हवा, गाडी महिनाभर उभी आणि टाकी अर्धी, तर तळाला पाणी आणि गंज जमतो. तो गंज फिल्टरमध्ये आणि मग निडलमध्ये. मी आता जूनमध्ये टाकी भरलेली ठेवते आणि दर पंधरा दिवसांनी पाऊस थांबला की चक्कर मारते. जुन्या टाकीत आतून वार्निशसारखा थर असतो, तो इथेनॉलने सुटतो, म्हणून सुरुवातीचे दोन-तीन फिल्टर लवकर भरतील, घाबरू नका, बदलत राहा.

कागदपत्रांवरून बरेच जण विचारतात म्हणून थोडक्यात. ५० वर्षांच्या वरच्या गाड्यांना २०२१च्या नियमाने व्हिंटेज रजिस्ट्रेशन मिळतं, नंबरात व्हीए येतं, नवीन रजिस्ट्रेशनची फी २० हजार, १० वर्षांसाठी. पण व्हिंटेज नंबरवर गाडी रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्तीला नेण्यापुरतीच. मला रविवारी अलिबागला जायचं असतं, म्हणून मी जुनाच नंबर ठेवून पाच-पाच वर्षांचं रिन्युअल करते. तुम्हाला काय करायचंय ते आधी ठरवा आणि मग एजंटला पैसे द्या.

विषय सोडून एकच: हेराल्ड-स्पिटफायरच्या पुढच्या ट्रनियनमध्ये (पुढच्या चाकाचा खालचा वळणारा सांधा) ग्रीस मारू नका, तिथे ईपी ९० गिअर ऑइल जातं. आपल्याकडे निपल दिसला की ग्रीसगन लावायची सवय आहे आणि तो तुटला तर चाक बाहेर येतं, बंद पडणं परवडलं.

आत्ताची स्थिती. या मे महिन्यात मुलुंड ते कुलाबा, दुपारी, एलबीएसने मुद्दाम, तीन वेळा गेले. एकदाही बंद पडली नाही. उरलीय एकच खोड. दहा मिनिटं पार्क करून परत आलं की स्टार्टला कुरकुरते, कारण बंद इंजिनात वारा नसतो आणि सगळी उष्णता वर कार्बोरेटरला जाते, हे पूर्ण जाणार नाही असं वाटतं. तेव्हा चोक अजिबात ओढायचा नाही, पेडल पंप करायचं नाही (एसयूला ॲक्सिलरेटर पंप नसतोच, नुसता पाय दुखतो), अर्धं दाबून धरायचं आणि सेल्फ सलग सात-आठ सेकंद. पकडते. पोहोचल्यावर बॉनेटचं लॉक सोडून एक बोट उघडं ठेवलं तर अजून लवकर.

ओलं फडकं अजून गाडीत आहे. परवा आईने ते धुळीचं फडकं समजून धुवायला टाकलं आणि मी शोधत बसले तर म्हणाली, इस्त्री करून देऊ का तुझ्या लेकीला.